सांजवेळची ताटी

॥ रामकृष्णहरि ॥



या खेपेस एखादे मोठे प्रमेय घेऊन आम्ही बसलो नाही. आम्हांस एक कबुली द्यायची आहे. आणि त्या कबुलीच्या ओघात दोन शब्द बोलायचे आहेत ते अशा माणसांसाठी, की जी आपणहून कधी बोलत नाहीत.

गोष्ट माघ वारीतली. दशमीच्या दिवशी वाळवंटात एका फडावर आमचे प्रवचन होते. विषय नामसंकीर्तनाचा. बोलण्याच्या भरात आम्ही म्हणून गेलो की, हरिपाठाला ज्याचे तोंड उघडत नाही आणि चारचौघांत टाळी वाजवायला जो लाजतो, त्याच्या गळ्यात माळ असली काय आणि नसली काय! मंडळी हसली. आम्हांसही बरे वाटले. बोलणाऱ्याला हशा गोड लागतो, हे खोटे कशाला सांगा?

प्रवचन आटोपले, मंडळी पांगली, आणि एक गृहस्थ मागे राहिले. चाळिशीच्या आतबाहेरचे, अंगाने किरकोळ. पाया पडले आणि खाली पाहतच म्हणाले, "महाराज, माळ उतरवायची झाली तर कुठं ठेवायची असती? देवाच्या पायाशी ठेवली तर चालंल का?"

आम्ही चमकलो. त्यांना जवळ बसवून घेतले. बराच वेळ काही बोलेनात. मग थांबत थांबत सांगू लागले, "मी बसवर वाहक आहे. पहाटेपासून नुसती माणसं. तिकीट, सुट्टे पैसे, पुढं सरका, मागं सरका. डेपोत हिशेब भरून घरी येतो तवा वाटतं, आता कुणी कुणी बोलू नये. आधी मंडळीत हरिपाठाला जायचो. आता देवळाच्या पायरीपर्यंत जातो आणि पाय मागं येतात. घरी आतल्या खोलीत शिरतो, कडी लावतो. मालकीण म्हणती, घुमे झालात. धाकटी पोर दारावर थापा मारती, मी ओ देत नाही. आज तुम्ही जे बोललात ते माझंच बोललात."

आम्ही विचारले, "कडी लावून आत काय करता?"

म्हणाले, "काय करणार! मोबाईल बघत पडतो. नाहीतर दिवसभर कोण काय बोललं ते घोळवत बसतो."

सज्जनहो, आमची मान खाली गेली. माळ घालणे आमचे काम. माळ उतरवायला लावणारे आम्ही कोण? त्या वेळी एवढेच म्हणालो की, "बाबा, माळ गळ्यातच राहू दे. चूक आमच्या बोलण्यात झाली. सवडीने विचार करून पत्र लिहितो." ते पत्र लिहिले. तेच थोडे वाढवून येथे देत आहोत. कारण असा माणूस एकच असेल असे नाही. दर दिंडीत, दर घरात एखादा असतोच.

पहिली गोष्ट प्रकृतीची. कोणाला माणसांत गेले की हुशारी येते, तर कोणाची माणसांत गेले की शक्ती ओसरते आणि एकांतात परत भरते. दोन्ही देवाचीच लेकरे. एका रानातला मोर ओरडतो म्हणून हरणानेही ओरडावे काय? आपण लोक अबोल माणसाला एकलकोंडा म्हणतो, घुमा म्हणतो, माणूसघाणा म्हणतो. पण गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे मोजली, तेव्हा एकांत स्थळाची आवड आणि जनांच्या गर्दीत मन न रमणे, ही दोन्ही त्या मोजणीत धरली आहेत. ज्याला आपण खोड म्हणतो, त्याला तेथे लक्षण म्हटले आहे.

मात्र येथेच थांबले तर अबोल माणूस फुगेल, आणि फुगणे हाही गोंगाटच. तेव्हा पुढे सतरावा अध्याय पहा. तेथे शरीराचे तप, वाणीचे तप आणि मनाचे तप असे तीन प्रकार सांगितले आहेत. आता मौन कोणत्या तपात यावे? आपण पटकन म्हणू, वाणीच्या. नाही! वाणीच्या तपात भगवंतांनी दुसऱ्याला न टोचणारे, खरे, गोड आणि हिताचे बोलणे सांगितले, स्वाध्याय सांगितला. मौन ठेवले ते मनाच्या तपात. मनाची प्रसन्नता आणि सौम्यपणा यांच्या शेजारी.

याचा अर्थ काय? तोंड मिटले म्हणजे मौन झाले असे नव्हे. आमच्या त्या वाहक बंधूंचे तोंड कडीच्या आत मिटलेले होते, पण आत? आत बस भरलेलीच होती! सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारा तो उतारू अजून उतरला नव्हता. त्याला मनातल्या मनात दहा उत्तरे देणे चालूच होते. हातातल्या मोबाईलमध्ये तर सारा मुलूख बडबडत होता. ही विश्रांती नव्हे आणि एकांतही नव्हे. एकलकोंडा तो, जो माणसांकडे पाठ करतो. अंतर्मुख तो, जो आतल्या विठ्ठलाकडे तोंड करतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. दोघांचेही दार लावलेलेच असते.

दाराचा विषय निघाला, तेव्हा आपल्या संप्रदायातले एक दार आठवावेच लागते. लोकांच्या बोलण्याने मन विटून ज्ञानोबारायांनी एकदा झोपडीची ताटी लावून घेतली. तेव्हा धाकटी मुक्ताई दाराशी उभी राहिली आणि विनवू लागली. तिची ती विनवणी ताटीचे अभंग म्हणून आपण आजही गातो. यात दोन धडे आहेत. आत बसलेल्याला धडा असा की, ताटी लावण्याआधी मनाला विचार, ही शांतीसाठी लावतोस की रुसून लावतोस? प्रत्यक्ष माउलींच्या चरित्रात हा प्रसंग आला, मग आपली काय कथा! आणि बाहेर उभ्या असलेल्यांना धडा असा की, मुक्ताईने ताटी मोडली नाही. लाथ मारली नाही. "घुमा" म्हणून हिणवले नाही. ती बाहेर उभी राहून थोरवीची आठवण देत राहिली. घरातल्या अबोल माणसाला बाहेर काढण्याची रीत ही आहे.

कोणी म्हणेल, आपला संप्रदाय तर टाळमृदंगाचा. तेथे शांततेला जागा कुठे? अहो, पालखीच्या तळावर संध्याकाळी उभे राहून पहा. माउलींच्या सोहळ्यात दिवसभर चालून सगळ्या दिंड्या तळावर येतात. टाळांचा आणि नामाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचे ऐकू येत नाही. मग चोपदार दंड उंच करतात, आणि तो हजारोंचा समाज एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच आपले टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो आणि तेही टाळ थांबतात. हरवले सापडले ते पुकारतात, उद्याची निघण्याची वेळ सांगतात आणि मग आरती होते.

यात सबंध संध्याकाळचा नेम आला आहे. पहिल्याने थांबणे. मग जे गाऱ्हाणे अजून वाजते आहे ते दडपून न टाकता ऐकणे. मग हरवले काय, सापडले काय ते पाहणे. उद्याचे ठरवणे आणि शेवटी देवाला ओवाळणे. तळावर चोपदार असतात. घरी आपल्या मनाचे चोपदार आपणच.

आणि शिणाची लाज तरी का वाटावी? आपला देव अठ्ठावीस युगे उभा, असे आपण म्हणतो. पण त्या देवालाही शेजारती आहे. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत भक्तांची दाटी होते म्हणून देवाचा पलंग काढतात. तेवढे दिवस देवाला शेज नाही, रात्रंदिवस दर्शन चालू. पाठीशी टेकायला लोड देतात तेवढाच. आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याने स्नान घालतात आणि शीण जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. पहा, गर्दीने देव शिणतो हे ज्या भक्तांना कळते, त्यांना बसवरून उतरलेला आपला भाऊ शिणतो हे कळू नये काय?

आता नेम सांगतो. यात नवे काही नाही. आपल्या वाडवडिलांच्या घरी जे होते तेच अबोल माणसाच्या सोयीने मांडले आहे.

घरी आल्यावर पाय धुवावेत. हातपाय, तोंड, मानेपर्यंत पाणी लावावे. अंगावरची धूळ जाते तशी दिवसभराची माणसेही थोडी उतरतात. कामाचे कपडे बदलावेत. मात्र खोलीकडे वळण्याआधी घराला एक वाक्य द्यावे. "आलो. अर्धा घटका बसतो, मग येतो." बस! इतकेच. अबोल माणसाची मोठी चूक ही की, तो हे वाक्यही गिळतो. मग घरच्यांना वाटते की राग आला. अर्ध्या घटकेची मुदत सांगितली की बाहेरच्यांना धीर येतो, आणि ती पाळली की विश्वास बसतो.

मग दिवेलागण. मोठा झगझगीत दिवा थोडा वेळ लावूच नये. देवापाशी निरांजन किंवा समई, अंगणात वृंदावन असेल तर तुळशीपाशी पणती. मोबाईल दुसऱ्या खोलीत, कोनाड्यात ठेवावा. रात्री डोळ्यांवर असा उजेड पडत राहिला की झोप लांबते, हे आता डॉक्टरही सांगतात. आपली आजी काही डॉक्टर नव्हती, पण दिवेलागणीला घर शांत ठेवायचे तिला ठाऊक होते. ज्योतीकडे पाहत बसावे. काही म्हणू नये. आतली बस थांबू द्यावी, एकेक उतारू उतरू द्यावा. एखादा उतरत नसेल तर त्याच्याशी भांडू नये. वाजणाऱ्या टाळाकडे चोपदार जातात, तसे त्या गाऱ्हाण्याकडे एकदा नीट पाहावे आणि "पांडुरंगा, हे तुझ्याकडे" म्हणून पुढे जावे.

त्यानंतर हरिपाठ. ज्ञानदेवांचा हरिपाठ सत्तावीस-अठ्ठावीस अभंगांचा. सावकाश म्हटला तरी फार वेळ लागत नाही. मंडळीत जाणे होत नसेल त्या दिवशी घरीच, आपल्याच कानाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणावा. ओठ हलले तरी नाम होते. देव बहिरा नाही. पण हे कायमचे नव्हे. महिन्यातून दोन एकादश्या येतात. त्या दोन संध्याकाळी मंडळीत जावेच. पुढे बसू नये, कडेला बसावे. चाल सांगू नये, टाळ धरावा. टाळाचे बरे असते, हातातून बोलतो, तोंडाला त्रास देत नाही. तुकोबारायांना भंडाऱ्याच्या डोंगरावरचा एकांत प्रिय होता. पण ते डोंगरावरच राहिले नाहीत. देहूच्या देवळात कीर्तनाला उभे राहिले. एकांत ही विहीर आहे. पाणी वर काढून कोणाच्या तरी मुखी घालायचे असते. नुसते आत डोकावत बसायचे नसते.

जेवण घरच्यांबरोबर करावे. बोलता येत नसेल तर ऐकावे. ऐकणे ही अबोल माणसाची दौलत आहे. पोराने शाळेतले सांगावे आणि बापाने मान वर करून ऐकावे, याहून मोठे बोलणे कोणते?

जेवणानंतर, निजण्यापूर्वी, ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या वाचाव्यात. पाचच. अर्थासह. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर आहेत. रोज पाच म्हटल्या तर अठराशे दिवस, म्हणजे पाच वर्षांत ग्रंथ हातावेगळा होतो. पाच वर्षे तर अशीही जाणारच आहेत. पारायणाचा सप्ताह ज्याला गर्दीमुळे झेपत नाही, त्याचे हे पाच वर्षांचे पारायण समजा.

शेवटी हिशेब. नाथमहाराजांच्या चरित्रात गोष्ट येते की, देवगिरीस जनार्दनस्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचे काम दिले होते. एकदा एका पैची चूक काही सापडेना. नाथ रात्रभर बसले आणि उत्तररात्री ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली. तेव्हा स्वामी म्हणाले की, एका पैची चूक सापडून एवढा आनंद, तर संसारातली चूक सापडली तर केवढा होईल! आमच्या वाहक बंधूंना आम्ही लिहिले की, तुम्ही डेपोत तिकिटांचा आणि रोकडीचा मेळ रोज घालताच. तसाच अंथरुणावर बसून दिवसाचा घाला. आज कोणाला टोचून बोललो? घरात कोणाला ओ दिली नाही? एक चूक सापडली की पुरे. उद्या ती दुरुस्त करायची असे म्हणावे आणि वही मिटावी. रात्रभर तीच घोळवू नये. मेळ बसल्यावरही पुन्हा पुन्हा पैसे मोजणारा कारकून शहाणा नव्हे.

मग दिवा शांत करावा. आपल्याकडे दिवा विझवला म्हणत नाहीत, शांत केला म्हणतात. तसाच दिवसही शांत करावा, आणि "विठ्ठल विठ्ठल" म्हणत कूस बदलावी.

येथवर वाचून कित्येक माउली मनात म्हणतील, "हे सगळे पुरुषांचे झाले. अबोल बाईने काय करावे? तिला कुठली खोली, कुठली कडी?" खरे आहे. संध्याकाळ ही बाईच्या कामाची दाटीची वेळ. दिवसभर बाहेर राबून आली तरी चूल तिची वाट पाहतच असते. तिला गप्प बसावेसे वाटले तर "काय बिनसलंय?" म्हणून सगळे घर विचारते. जनाबाईंनी जात्यापाशी आपला एकांत केला. पण म्हणून आपण आपल्या जनीला जात्यापाशीच ठेवावे, असा त्याचा अर्थ करू नये. तिच्याबरोबर दळायला देव बसला असे आपण सांगतो. मग घरच्या पुरुषाने भाजी निवडायला बसावे, पोरांचा अभ्यास घ्यावा आणि तिला तुळशीपाशी अर्धा घटका मोकळी द्यावी. हा नेम घरातल्या प्रत्येकासाठी आहे. ज्याने आपली अर्धी घटका घेतली, त्याच्याकडे दुसऱ्याची अर्धी घटका देणे लागते.

आता परीक्षा. एकांत खरा की खोटा, हे कसे ओळखावे? खूण सोपी आहे. अर्ध्या घटकेनंतर बाहेर येणारा माणूस आत गेलेल्यापेक्षा मऊ आहे की कडक, हे पाहावे. मऊ असेल तर तो देवाजवळ बसला होता. कडक असेल तर रुसव्याजवळ. रोज महिनाभर बसूनही मन जडच राहिले, झोप उडाली, अन्नाची वासना गेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याला एकांत म्हणू नये. ते दुखणे आहे. तेव्हा घरच्यांना सांगावे, डॉक्टरांना दाखवावे. ताप आला तर आपण औषध घेतो, आणि नामही घेतो. दोहोंत वैर नाही.

चैत्री वारीला ते बंधू पुन्हा भेटले. गळ्यात माळ होती. आम्ही आधी माळच पाहिली! विचारले, "कसं चाललंय?"

म्हणाले, "रोज जमतंच असं नाही. एखाद्या दिवशी डोकं फिरलेलं असतं, तसाच आत जातो. पण आता कडी लावत नाही, दार नुसतं लोटून घेतो. धाकटी येऊन दिव्यापाशी बसती. पहिल्यांदा चुळबुळ करायची, आता गप बसती. झालं का, म्हणून विचारती. झालं म्हटलं की मांडीवर येती."

आणि मंडळीत? "एकादशीला जातो. मागं उभा राहतो. टाळ असतो हातात."

एवढे बोलून ते गप्प झाले. आम्हीही झालो. दोघे बराच वेळ चंद्रभागेकडे पाहत बसलो, आणि त्यात अवघडल्यासारखे काही वाटले नाही.

त्याच संध्याकाळी त्याच फडावर आमचे प्रवचन होते. माघातले ते वाक्य आम्ही समाजापुढे मागे घेतले. सांगितले की, जो मोठ्याने गातो तो वारकरी, आणि जो मागे उभा राहून नुसता टाळ धरतो तोही वारकरी. माळ दोघांच्याही गळ्यात सारखीच शोभते. या वेळी कोणी हसले नाही. मात्र कडेला, मागच्या रांगेत, दोन-चार माना वर झालेल्या आम्ही पाहिल्या.

तेव्हा वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या घरात कोणी दार लोटून बसले असेल, तर थापा मारू नका. मुक्ताईसारखे हाक मारा. आणि आत आपणच बसला असाल, तर कडी तेवढी काढून ठेवा.

॥ रामकृष्णहरि ॥